संकटात देव आठवला, तर तो पश्चात्ताप खरा का?

रावेर तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलंय, ते थोडक्यात असं. आजोबांपासून घर ख्रिस्ती, पण गेली काही वर्षं रविवारची भक्ती सुटलेली. जूनच्या वादळात निसवलेली केळीची बाग आडवी झाली आणि त्याच महिन्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. बाहेरगावच्या एका प्रचारकाने घरी येऊन सांगितलं, की या घरात आखानाचं, म्हणजे लपवून ठेवलेलं, पाप आहे, ते बाहेर निघेपर्यंत देवाचा हात उठणार नाही. शुद्धीकरणाच्या प्रार्थनेसाठी अर्पण किती लागेल तेही सांगून गेला. हा भाऊ विचारतो: ही शिक्षा आहे का? इतकी वर्षं देव आठवला नाही, आता कोणत्या तोंडाने त्याच्यापुढे जाऊ? आणि पश्चात्ताप म्हणजे नेमकं करायचं काय? वडिलांना बोलता येत नाही, मग त्यांच्या कबुलीचं काय? जाता जाता सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे, पैसे थकल्याचा उल्लेख आहे. आणि शेवटी एक ओळ: ‘कधी कधी वाटतं, सगळं संपवून टाकावं.’

भाऊ, मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

पापाची जाणीव होऊन माणूस दोन दिशांना जाऊ शकतो आणि शुभवर्तमानात एकाच रात्रीत दोघं दोन दिशांना गेलेले दिसतात. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं. यहूदाने त्याला तीस रुप्यांना विकलं. दोघांनाही केलेल्याचं वाईट वाटलं. यहूदा तर पैसे परत करायलाही गेला. ‘निर्दोष माणसाचं रक्त मी विकलं’ हे याजकांपुढे त्याने उघड म्हटलं. मत्तयाच्या 27 व्या अध्यायात वाचा, त्याचं दुःख खोटं नव्हतं. पण तो ते दुःख घेऊन एकटाच गेला आणि गळफास लावून घेतला. पेत्र रडला, पण बाकीच्या शिष्यांत जाऊन बसला. पुढे त्याची प्रभूशी भेट झाली ती त्यामुळेच. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात हा फरक सांगितलाय: एक दुःख तारणाकडे नेतं, दुसरं मरणाकडे. तुमच्या मनात जे चाललंय ते दुसऱ्या वाटेचं आहे. त्याला पश्चात्ताप समजू नका आणि त्यात देवाचा आवाज तर मुळीच शोधू नका. आज रात्री एकटे झोपू नका. घरात जो कोणी मोठा असेल त्याला ही ओळ जशीच्या तशी सांगा. 14416 या टेलिमानसच्या नंबरवर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही. खान्देशात शेतकऱ्यांच्या घरी जाऊन मी अंत्यविधीच्या प्रार्थना केल्या आहेत, त्यामुळे यावर मी हातचं राखून लिहिणार नाही.

आता शिक्षेचं.

प्रचारकाने आखानाची गोष्ट सांगितली, पण अर्धी. यहोशवाच्या सातव्या अध्यायात यरीहोच्या लुटीतला माल आखानाने तंबूत पुरून ठेवला आणि इस्राएल आय गावापुढे हरला. हे खरं. पण तिथे दोष कुठे आहे हे स्वतः परमेश्वराने यहोशवाला सांगितलं. कोणी पाहुणा येऊन चहा पिता पिता अंदाजाने सांगून गेला नव्हता. एका प्रसंगात देवाने उघड केलेली गोष्ट उचलून प्रत्येक आडव्या पडलेल्या बागेला लावायची, याला शास्त्र शिकवणं म्हणत नाहीत. तसं असतं तर, निर्दोष असून सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्रही बरोबर ठरले असते. एलीफज, बिल्दद, सोफर हे तिघं पानंच्या पानं हेच सांगत होते: तू काहीतरी केलं असणार. शेवटी देवाचा राग कोणावर झाला? ईयोबावर नाही, त्या तिघांवर.

आणि खुद्द येशूला हाच प्रश्न विचारला गेला होता. लूक 13. रोमी सुभेदार पिलाताने काही गालीली माणसांचं रक्त त्यांच्याच यज्ञांच्या रक्तात मिसळलं, ही बातमी लोकांनी आणली. येशूने त्यात आणखी एक बातमी घातली: शिलोहातला बुरूज अठरा जणांवर कोसळला. मग विचारलं, हे यरुशलेमेतल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का? आणि स्वतःच उत्तर दिलं: नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी ‘पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं’ असं विचारलं, तेव्हाही उत्तर तेच.

नवापूरकरांना हे समजावून सांगायला मला फार बोलावं लागत नाही. 2006 च्या फेब्रुवारीत तिथे बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. लाखो कोंबड्या मारून खड्ड्यात पुराव्या लागल्या. 2021 मध्ये पुन्हा तेच. पोल्ट्रीवाल्यांत ख्रिस्ती होते, हिंदू होते, मुसलमान होते. विषाणूने शेड बघितली, धर्म नाही बघितला. तेव्हाही ‘कोप’ म्हणणारे निघालेच. ज्यांची शेड रिकामी झाली नव्हती तेच ते जास्त म्हणत होते, हे मात्र नोंदवून ठेवण्यासारखं.

तुमच्या गावात तुमच्या शेजारच्या बागेचं काय झालं? मला माहीत नाही, पण रावेर-यावलकडचं वादळ मी पाहिलंय. ते बांध बघून थांबत नाही. शेजारी सालदाराचे पैसे वेळेवर देणारा असेल, त्याचेही घड जमिनीला लागले असतील. नीतिमान आणि अनीतिमान दोघांवर पाऊस पडतो, असं डोंगरावरच्या प्रवचनात आहे. वाराही दोघांवर सुटतो.

एक व्यवहाराचं इथेच सांगतो. ‘देवाची मर्जी’ म्हणून पंचनाम्याला, विम्याच्या कागदांना हात न लावणारे भाविक मी पाहिलेत. तसं करू नका. फळपीक विमा काढला असेल तर सगळी कागदपत्रं घेऊन तालुका कृषी कार्यालयात जा. आणि वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोणी ‘विश्वासाने बंद करा’ म्हणालं, तर त्याला घराबाहेर काढा. लुकाला पौलाने ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय. वैद्याला बरोबर घेऊन फिरणारा प्रेषित गोळ्यांच्या विरोधात नसणार.

पण लूक 13 मध्ये एक अडचणीची गोष्ट आहे आणि ती गाळणारे पाळक मला आवडत नाहीत. येशू ‘नाही’ म्हणून थांबला नाही. लगेच म्हणाला, तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही तसाच नाश होईल. म्हणजे मेलेल्यांचा हिशेब मांडू नका, स्वतःचा मांडा. बुरूज ज्यांच्यावर पडला नाही, त्यांना उद्देशून ते वाक्य आहे. तुमची बाग पडली, म्हणून गावात एकट्या तुम्हालाच वळायचंय असं नाही. ज्याची बाग उभी राहिली त्यालाही वळायचंय, आणि त्या प्रचारकालाही.

तर ही शिक्षा आहे का, याचं उत्तर मी देणार नाही, कारण द्यायचा अधिकार मला नाही आणि त्यालाही नव्हता. पण या वेळी देवाकडे वळायचं का, याचं उत्तर हो.

आता तोंडाचं. गरज पडल्यावर आलो, स्वार्थाने आलो, तो मला ढोंगी समजेल, ही तुमची भीती. आपल्या भागातल्या ख्रिस्ती माणसाला ही भीती वारशाने मिळते, मला ठाऊक आहे. संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा छप्पनिया दुष्काळ खान्देशात आणि गुजरातेत पडला. मिशनऱ्यांनी अनाथ पोरं सांभाळली, कितीतरी घराणी त्या काळापासून ख्रिस्ती आहेत. ‘तुमचे पणजोबा पोटासाठी गेले’ हा टोमणा मी शाळेत ऐकला, तुम्हीही ऐकला असेल. त्यामुळे गरजेपोटी देवाकडे जाणं म्हणजे काहीतरी हलकं, असं आपल्या मनात बसून गेलंय.

मग लूक 15 काढा आणि उधळ्या मुलाची गोष्ट नीट वाचा. तो घरी का निघाला? बापाचं प्रेम आठवलं म्हणून? तसं तिथे लिहिलेलं नाही. त्या देशात दुष्काळ पडला, डुकरं राखता राखता त्यांच्या शेंगा खाव्याशा वाटल्या, आणि त्याच्या मनात आलं ते हे: बापाच्या घरच्या गड्यांना पोटभर भाकर मिळते आणि मी इथे उपाशी मरतोय. पोटच त्याला घरी घेऊन आलं. वाटेत त्याने बोलायचं ठरवून ठेवलं होतं, पापाची कबुली द्यायची आणि वर म्हणायचं की मला गडी म्हणून ठेव. बापाने ते भाषण पूर्ण होऊ दिलं नाही. गडी म्हणून ठेव, इथपर्यंत पोचायच्या आधीच झगा आणि अंगठी आणायला सांगितली. तो भुकेमुळे आला की पस्ताव्यामुळे, हे बापाने विचारलं नाही. थोरल्या भावाला ते विचारायचं होतं, तो बाहेर उभा राहिला.

तेव्हा जा. तोंड नसेल तर तोंडाशिवाय जा. वधस्तंभावरच्या चोराकडे जगायला दिवसही उरला नव्हता, त्याला कोणी परत पाठवलं नाही.

इथे मात्र मी थोडा कडक होणार आहे. भीतीने येणं चालतं. भीती गेल्यावर परत जाणं, ही वेगळी गोष्ट. शास्त्रात याचा नमुना म्हणजे मिसरचा राजा फारो, आणि त्याची गोष्ट शेतकऱ्याने वाचावी अशी आहे. निर्गमाच्या नवव्या अध्यायात मिसरात गारपीट होते. लिहिणाऱ्याला शेतीची चांगली जाण असावी, कारण कोणतं पीक गेलं आणि कोणतं राहिलं हे तो सांगतो: सातू ओंबीवर होता, जवस बोंडावर, ती दोन्ही झोडपली गेली. गहू मागास होता, तो वाचला. गारा पडत असताना फारो मोशेला बोलावून म्हणतो, ‘या वेळेस मी पाप केलं आहे, परमेश्वर न्यायी आहे.’ शब्द किती बरोबर आहेत बघा, एखाद्या साक्षीच्या सभेत शोभतील. गारा थांबल्या, ऊन पडलं, आणि त्याचं मन पुन्हा कठीण झालं. पुढच्या अध्यायात टोळ आले, पुन्हा ‘मी पाप केलं’. टोळ उडाले, पुन्हा जैसे थे. होशेय संदेष्टा अशा भक्तीला सकाळचं धुकं म्हणतो, उन्हं वर आली की नाहीसं होणारं.

2020-21 मध्ये मला रात्री-अपरात्री फोन यायचे. ऑक्सिजनची खाट मिळेना, ‘पास्टर, प्रार्थना करा, आतापासून एकही रविवार चुकवणार नाही.’ मी प्रार्थना केल्या, मनापासून केल्या. त्यातले काही आज मंडळीचे वडील, म्हणजे एल्डर, आहेत. काही बाजारात भेटले की दुसऱ्या गल्लीने जातात. त्यांनी गल्ली बदलायची गरज नाही. मी कोणाचे रविवार मोजत नाही.

मग खरं काय आणि धुकं काय, हे ओळखायचं कसं? अश्रूंवरून नाही. मी हुंदके देऊन रडणारे खोटे पाहिलेत आणि कोरड्या डोळ्यांचे खरे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक आले आणि विचारू लागले, आम्ही काय करावं? त्याने कोणालाही अधिक रडायला सांगितलं नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी लोकांना धमकावून पैसे काढू नयेत, पगारात भागवावं. सगळं खिशाचं आणि हाताचं. लूक 3.

भाऊ, म्हणून तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती सालदाराची ओळ. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. प्रचारकाला घरात पुरलेलं पाप शोधायचं होतं, ते तुमच्या वहीत उघडं लिहिलेलं आहे.

तुम्ही लिहिता, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याचं साल संपलं, उचल वजा जाता काही रक्कम निघत होती, केळीला भाव नव्हता म्हणून ‘नंतर बघू’ म्हणालात, आता तो दुसरीकडे सालाने लागलाय आणि तुमच्याकडेच काही नाही. पुन्हा सांगतो, वादळ त्याच्या पैशामुळे आलं नाही. असा धागा जोडू नका. जोडलात तर पैसे दिल्यावर देवाने बाग उभी करावी अशी अपेक्षाही मनात येईल. पण देवाकडे वळायचं ठरवल्यावर पहिलं पाऊल कुठे पडायला हवं, हे मात्र अगदी स्पष्ट आहे. अनुवाद 24 म्हणतो, गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. आणि मत्तय 5: अर्पण वेदीजवळच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. त्या प्रचारकाने सांगितलेल्या अर्पणाचं काय करायचं याचं उत्तर यातच आहे. तेवढे पैसे जमत असतील तर ते सालदाराचे आहेत.

पूर्ण रक्कम नसेल, तर जाऊन सांगा. हे देण्यापेक्षा अवघड असतं. एक उदाहरण देतो, माणूस आता हयात नाही. कापसाची खेडा खरेदी करायचे. दारापुढे काटा लावायचा, कापूस मोजायचा, आणि दर खेपेला किलो-दोन किलो मारायचे. पत्नीला मोठा आजार निघाला तेव्हा माझ्याकडे आले, खूप रडले. मी म्हणालो, वही आणा. जुन्या वह्या होत्याच, व्यापाऱ्याकडे असतातच. आम्ही बसून नावं काढली. किती मारलं हे अचूक कळणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी अंदाज वरच्या बाजूला धरला. गणनेच्या पाचव्या अध्यायात मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, असा नियम आहे, तो त्यांना आवडला. मग मोटरसायकलवर गावोगावी. दारात उभं राहून ‘मन्ही चुकी व्हई गई, भाऊ’ एवढंच म्हणायचे आणि पाकीट पुढे करायचे. काहींनी चहा पाजला. एकाने चारचौघांत शिव्या दिल्या, त्या त्यांनी उभ्याने ऐकल्या. परतफेडीची यादी अर्धी झाली होती तेव्हा पत्नी गेली. मला वाटलं, आता ही वही बंद होणार. तिसऱ्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर ते म्हणाले, उरलेली गावं पावसाळ्याआधी उरकायला हवीत, नंतर रस्ते राहत नाहीत. लुबाडलेलं चौपट परत करणाऱ्या जकातदार जक्कयाचं घर कसं असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

तुम्हीही असंच करा, छोट्या मापाने. सालदाराला बोलावू नका, त्याच्या घरी जा. किती देणं आहे ते स्वतः सांगा, त्याला मागायला लावू नका. आज जे देता येईल ते द्या, बाकीची तारीख लिहून द्या, आणि विमा मिळाला तर त्यातला पहिला वाटा त्याचा, हे बायकोसमोर ठरवा. तो माफ करेल की नाही हे त्याच्यावर. माफ न करणं त्याच्या हक्काचं आहे.

नवसाबद्दल दोन शब्द, कारण आपल्या मंडळ्यांतही तो वेगळ्या नावाने चालतो. ‘वडील चालू लागले तर चर्चला माइक देईन.’ नवस बोलणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. हन्नाही मंदिरात नवस बोलली होती आणि देवाने तिचं ऐकलं. पण इफ्ताहही बोलला होता, आणि त्याच्या पोटच्या मुलीवर तो उलटला. तुमच्या मनाची आत्ताची अवस्था बघता, नवी वचनं देऊ नका. जुनी देणी फेडा.

उपास करायचा असेल तर करा, पण वडिलांची सेवा करणाऱ्याने एका जेवणापुरताच. जुन्या पापांची कबुली द्यायला तुमच्या मंडळीच्या पाळकाकडे जा, किंवा एखाद्या पोक्त माणसाकडे. एकमेकांजवळ पापं कबूल करा असं याकोब सांगतो. आमच्याकडे त्याला ठरावीक विधी नाही, कॅथलिक बांधवांकडे प्रायश्चित्ताचा संस्कार आहे. कुठेही जा, फक्त ऐकणारा माणूस तोंड बंद ठेवणारा निवडा. रविवारी भक्तीला गेलात तर शेवटच्या बाकावर बसा, कोणी साक्ष द्यायला पुढे ओढलं तर नाही म्हणा. ताज्या जखमेची साक्ष होत नाही.

वडिलांचं राहिलं. बोलता येत नाही म्हणून देवाकडे त्यांचा रस्ता बंद झाला, असं कुठेही नाही. अर्धांगवायूच्या माणसाला छप्पर उकलून खाली सोडलं, तो शेवटपर्यंत एक शब्द बोललेला नाही. येशूने त्याला आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला आणि त्याच्या पापांची क्षमा केली. संध्याकाळी 51 वं स्तोत्र त्यांच्याजवळ सावकाश वाचा, एकेका ओवीनंतर थांबा, त्यांच्या चांगल्या हातात तुमचा हात असू द्या. त्यांनी दाबला तर पुढे वाचा. थकले तर उद्या. त्यांच्याकडून काही ‘काढून’ घ्यायचा प्रयत्न करू नका. आणि सालदाराचा हिशेब त्यांच्याच काळातला असेल, तर तोही त्यांना वाचून दाखवा, म्हणजे फेडताना त्यांचाही हात लागेल.

प्रचारकाचा फोन आला तर सांगा, अर्पण दिलं, ज्याचं होतं त्याला दिलं. त्यावर तो शापाबिपाचं काही बोलला, तर नंबर ब्लॉक करा आणि तुमच्या पाळकांना कळवा, म्हणजे पुढच्या घरी जायच्या आत तिथे कोणीतरी पोचलेलं असेल.